ठिणगीची पोटदुखी

माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याचं वेल्डिंगचं दुकान समोरासमोर. मधला रस्ता एवढा अरुंद की त्याच्या ग्राइंडरचा आवाज सुरू झाला की माझ्या गिऱ्हाईकाला पानं मोजायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सोळा वर्षं मी त्याचा शेजार केला. त्यामुळे त्याची गोष्ट सांगायचा थोडा हक्क मला आहे असं मी धरून चालतो. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, ते त्यानंच नंतर माझ्या स्टुलावर बसून सांगितलं.

सगळे त्याला ठिणगी म्हणायचे. निम्मं धंद्यामुळे, निम्मं स्वभावामुळे. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, फाटकं, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड असली कामं करायचा. हात असा सरळ की जोड कुठे आहे ते बोट फिरवूनही कळू नये. बायको रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची. एकुलती एक मुलगी शाळेत, आठवीला. दारू नाही, जुगार नाही. पण माणसाला एक तरी दुखणं असतंच, आणि याचं दुखणं चौकात मेडिकलचं दुकान चालवत होतं. ते म्हणजे त्याचा साडू.

ठिणगीच्या बायकोची थोरली बहीण त्या मेडिकलवाल्याला दिलेली. सासुरवाडीला दोघे जावई एकत्र आले की थोरल्याला हातांची खुर्ची आणि याला लाकडी स्टूल. थोरल्याला सासरा विचारायचा, "तब्येत कशी आहे?" आणि याला विचारायचा, "आमच्या मागच्या दाराची बिजागरी बघतोस का जरा?" हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्यात गल्लीतले लोक मेडिकलवाल्याला डॉक्टर म्हणायचे. ठिणगीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "गोळ्या विकणारा डॉक्टर असेल तर मी पूल बांधणारा इंजिनीअर," असं तो मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायचा. मी हो म्हणायचो. शेजाऱ्याशी कोण वाद घालतो?

मेडिकलवाला तसा साधा माणूस. किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा. मूलबाळ नाही. ठिणगीची मुलगी शाळा सुटली की मावशीकडेच असायची, कारण तिची आई कारखान्यातून सहाला सुटायची. या माणसाच्या एक गोष्ट लक्षात आली होती. शाळेच्या मुली दुकानाशी यायच्या आणि बाकीची गिऱ्हाईकं जाईपर्यंत कोपऱ्यात पेनाचं टोपण चावत उभ्या राहायच्या. काही तशाच परत जायच्या. त्यानं शाळेत जाऊन मुख्याध्यापिका बाईंना विचारलं. बाईंनी त्याला हजेरीपटच दाखवला. वरच्या वर्गांतल्या निम्म्या मुली महिन्यातून तीन-चार दिवस गैरहजर. कारण काय, तर मुलींच्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही आणि वापरलेलं टाकायला डबा नाही. त्या चार दिवसांत पोरी घरी बसणार नाहीत तर काय करणार?

मग त्यानं शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. फक्त पुरुषांची. नोटिसा मीच छापल्या. अर्धे लोक फुकट चहा मिळेल म्हणून आले, अर्धे बायकांनी ढकलले म्हणून. ठिणगी शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून.

मेडिकलवाला उभा राहिला आणि म्हणाला, "बायकांना हे सगळं माहीत आहे. माहीत नाही ते आपल्याला. म्हणून आपण बसलोय."

त्यानं पॅडचं पाकीट सगळ्यांसमोर फोडलं. औषधाच्या मापानं त्यावर पाणी ओतून दाखवलं, किती शोषतं, किती तासांनी बदलायला हवं, नाही बदललं तर काय होतं. पहिली पाच मिनिटं लोक नुसते खोकत होते. सगळ्या गावाला एकाच वेळी पडसं झाल्यासारखं. मग न्हाव्यानं हात वर केला. "माझी बायको त्या दिवसांत भांडते. ते यामुळेच का?" मेडिकलवाला म्हणाला, "बाकीच्या दिवसांत भांडत नाही का?" न्हावी म्हणाला, "भांडते." हॉल हसून हसून फुटला आणि त्यानंतर मात्र लोक खरंच विचारायला लागले. गॅरेजवाल्यानं विचारलं, चांभारानं विचारलं. दुखतं म्हणजे किती दुखतं, किती दिवस चालतं, कधी डॉक्टरला दाखवायचं.

ठिणगी मला नंतर म्हणाला, "सगळे त्याच्या तोंडाकडे असे बघत होते, जसं काही त्यानं पाणी शोधून काढलंय." त्याला ते सहन झालं नाही. तो बसल्या जागेवरून मोठ्यानं बोलला, "ज्याच्या घरात पोरगी नाही, त्यानं दुसऱ्यांच्या पोरींची उठाठेव करावी! वा!"

हॉलच्या दाराशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका बाईंनी मान खाली घातली. मला वाटलं आता मेडिकलवाला बाहेर निघून जातो. त्यानं मापातलं उरलेलं पाणी खिडकीतून बाहेर टाकलं, हात पुसले आणि म्हणाला, "खरं आहे. म्हणूनच पोरगी असलेल्या माणसाची मदत लागणार. मुलींच्या संडासाची दारं तू करशील ना?"

शंभर माणसांत काय बोलणार? ठिणगीनं मान डोलावली. पण घरी जाताना तो मला म्हणाला, "बघितलंस? मलाच खाली पाडलं आणि वर चांगला तो."

शाळेत मुलींसाठी एक नीट खोली करायची ठरली. पाणी, आरसा, झाकणाचा डबा, पॅडचं कपाट. पैसे उभे करायची कल्पना न्हाव्याची. ज्यानं त्यानं आपल्या धंद्याची एका रविवारची कमाई द्यायची. मेडिकलसमोर फळा लावायचा आणि संध्याकाळी प्रत्येकाचा आकडा लिहायचा. दुकानावर पाटी लावायची, "आजची कमाई शाळेतल्या मुलींच्या खोलीसाठी." त्या पाट्याही मीच छापल्या, कागदाचे पैसे न घेता. हे सांगून ठेवतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

त्या आठवड्यात ठिणगीच्या घरी एक गोष्ट झाली. जेवताना मुलगी सहज म्हणाली, "बाबा, सभेत काकांनी मापानं पाणी ओतून दाखवलं ना? मला पण तसंच दाखवलं होतं."

"कधी?"

मुलीनं आईकडे बघितलं. आईनं ताटाकडे.

चार महिन्यांपूर्वी, मावशीच्या घरी, मुलीला पहिल्यांदा पाळी आली होती. मावशी बाजारात गेलेली. मुलगी घाबरून रडायला लागली. काका दुकानातून धावत आले, पाकीट दिलं, लांब उभं राहून सगळं समजावलं आणि मावशी येईपर्यंत पायरीवर बसून राहिले. आईला त्याच दिवशी कळलं. बापाला चार महिने नाही.

"मला का नाही सांगितलं?" ठिणगीनं विचारलं.

"सांगून तुम्ही काय केलं असतं?" बायको म्हणाली. रागानं नव्हे, खरंच विचारावं तशी.

यानं ताट पुढे सरकवलं आणि उठला. मला मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाला, "माझी पोरगी. माझ्या आधी त्याला कळतं. घर माझं, आणि किल्ली त्याच्याकडे." मी म्हटलं, "अरे, पोरगी त्याच्या घरी होती, कळणार कुणाला?" तर माझ्यावरच खेकसला. त्या रात्रीपासून त्यानं एकच मनावर घेतलं. रविवारच्या फळ्यावर सगळ्यात वर त्याचा आकडा असला पाहिजे, आणि साडूचा त्याच्या खाली. कितीही खाली चालेल, पण खाली.

आता मेडिकलच्या कमाईशी वेल्डरनं टक्कर घ्यायची म्हणजे काही खायचं काम नाही. पण मत्सर माणसाला भलताच कामसू करतो. गावाबाहेर एका नव्या इमारतीच्या तीन मजल्यांच्या जिन्याच्या कठड्याचं काम होतं. तिथल्या ठेकेदाराला त्यानं सांगितलं, दोन दिवसांचं काम एका रविवारी उरकतो, पण पैसे त्याच संध्याकाळी रोख. पहाटे पाचला मशीन घेऊन गेला. शाळेच्या दारांचं काम मात्र तसंच पडून होतं. मेडिकलवाल्यानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा यानं "पत्रा आला नाही" म्हणून सांगितलं. पत्रा आलेला होता. माझ्या दुकानातून दिसत होता.

तो रविवार मी विसरणार नाही. न्हाव्याकडे दाढीची गरज नसलेली माणसंही बसलेली. चांभारापुढे चपलांचा ढीग. शिंप्यानं दिवसभर फक्त फॉल-पिको आणि बटणं केली. मेडिकलवाल्याचा माणूस संध्याकाळी चारच्या सुमाराला फळ्यावर आकडे लिहायला लागला. तेवढ्यात मेडिकलवाल्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, लगेच दुसरा फोन लावला, मग पुन्हा, मग पुन्हा. कुणी उचलत नसावं. तशीच स्कूटर काढली आणि गेला. आम्ही म्हटलं, औषध पोचवायला गेला असेल.

पाचला ठिणगी आला. चेहरा धुरकटलेला, बाहीला भोकं पडलेली, हातात पैशाचं पाकीट. मेडिकलवाल्याच्या माणसानं आकडा लिहिला. सगळ्यात वर! लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ठिणगीनं इकडेतिकडे बघितलं. ज्याला दाखवायचं तोच नाही.

"गेला?" तो हसला. "बघवलं नसेल."

त्यानं खिशातून फोन काढला. ग्राइंडरच्या आवाजात दिवसभर काही ऐकू आलेलं नव्हतं. नऊ मिस्ड कॉल, सगळे साडूचे. तेव्हाही त्याला वाटलं की आकडा विचारायला केले असतील. हसतच फोन लावला. मी शेजारी उभा होतो. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि त्याखालचा रंग मात्र उडाला. बायको कारखान्यात मशीनवरच चक्कर येऊन पडली होती. रविवारचं जादा काम चालू होतं. तिला दवाखान्यात हलवलं होतं.

मीच त्याला माझ्या गाडीवरून नेलं. वाटेत तो एकच वाक्य बोलला. "कारखान्यानं त्याला का फोन केला? मला का नाही?"

दवाखान्यात बायको खाटेवर. चेहरा पांढराफटक, ओठसुद्धा. शेजारी साडू उभा आणि डॉक्टरीणबाई कागद घेऊन विचारत होत्या, "इतका रक्तस्राव कधीपासून होतोय?"

ठिणगीनं तोंड उघडलं. पण उत्तर दिलं साडूनं. "सात-आठ महिने झाले. मागच्या वेळी अकरा दिवस चाललं होतं."

आपल्या बायकोच्या अंगातून आठ महिने काय जात होतं ते आपल्याला माहीत नाही आणि शेजारचा माणूस दिवस मोजून सांगतोय! ठिणगीनं साडूची कॉलर धरली आणि त्याला भिंतीला टेकवलं. मी मधे पडलो. एक नर्स ओरडली. तो ओरडून विचारत होता, "तुला कसं माहीत? तुला कसं माहीत रे?" आयुष्यात पहिल्यांदा त्यानं थोरल्या साडूला अरे-तुरे केलं.

साडूनं कॉलर सोडवून घेतली नाही. म्हणाला, "लोहाच्या गोळ्या माझ्याकडूनच घेत होती. मी तीनदा सांगितलं, गोळ्यांनी भागणार नाही, डॉक्टरांना दाखव. नवऱ्याला सांग. म्हणाली, सांगितलंय."

"खोटं! मला काही सांगितलं नाही!"

खाटेवरून आवाज आला. अगदी बारीक. "सांगितलं होतं. तुम्ही ग्राइंडरची चकती बदलत होतात. मी म्हटलं, फार जातंय, पाय गळून जातात. तुम्ही म्हणालात, बायकांना हे असतंच. आणि मग विचारलंत, पाना कुठे ठेवलाय."

ठिणगी मला म्हणाला की त्याला ते वाक्य आठवलं नाही. पाना शोधल्याचं मात्र आठवलं. तो कपाटाखाली सापडला होता, हेही आठवलं.

रक्तातलं हिमोग्लोबिन सहापर्यंत खाली आलेलं होतं. गर्भाशयात गाठ होती. आधी रक्त चढवायचं आणि महिन्याभरानं ऑपरेशन. रक्तपेढीवाल्यानं सांगितलं, दोन पिशव्या देतो, बदल्यात दोघांनी रक्त द्या, कुठलाही गट चालेल. साडू उठला. तसा ठिणगी त्याच्या पुढे घुसला. "मी आधी."

"अरे, दोघांनाही द्यायचंय," साडू म्हणाला.

"हो. पण मी आधी."

आणि तो आधी झोपलाही. रक्त देताना मान वळवून बघत होता, साडूची पिशवी लवकर भरते की आपली. मी समोर बसून हे बघत होतो. हसावं की रडावं कळेना.

बायको चार दिवस दवाखान्यात होती. त्या चार दिवसांत त्याला कळलं की कारखान्यातल्या तिच्या कार्डावर अडचणीच्या वेळी कळवायला नंबर साडूचा होता. तिनं कारण सांगितलं, "तुमचं मशीन चालू असलं की आभाळ कोसळलं तरी तुम्हाला ऐकू येत नाही." यात रागावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याला जास्त लागलं. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी शेवटच्या पाळीची तारीख विचारली. बायको झोपलेली. साडू दारातच उभा होता. ठिणगीनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "तारीख मलाही माहीत नाही." ठिणगी मला म्हणाला, "खरं सांगू? इतकं बरं वाटलं मला. लाज वाटली, पण बरं वाटलं." मग त्यानं बायको जागी होईपर्यंत वाट बघितली, तिला विचारलं आणि वेल्डिंगच्या मापांच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं.

तिला घरी आणल्यावर तो शाळेच्या दारांना लागला. साडूनं कागदावर काढून दिलेलं चित्र समोर ठेवलेलं. संध्याकाळी मुलगी दुकानात आली, ते चित्र बघत उभी राहिली आणि काही न बोलता परत निघाली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"चुकलंय का?"

मुलगी घुटमळली. बापाशी असलं काही बोलायची तिला सवय नव्हती. त्यालाही ऐकायची नव्हती. त्यानं ग्राइंडर बंद केला, प्लगही काढला. "सांग. मला नाही कळत यातलं."

"दप्तर कुठे ठेवायचं?" ती म्हणाली. "खाली ओलं असतं. दप्तर गळ्यात अडकवून काही करता येत नाही. आणि दार खालून एवढं वर नको. मुलं वाकून बघतात. आणि कडी अशी पाहिजे की लागली हे आतून कळलं पाहिजे. नाहीतर एका हातानं दार धरूनच बसावं लागतं."

"तू दार धरून बसतेस?"

"सगळ्याच बसतात."

त्यानं साडूचं चित्र उलटं घातलं. मग खडूनं जमिनीवरच नवीन दार काढलं आणि खुंटी किती उंचीवर हवी ते तिला उभं करून, तिच्या खांद्याशी माप धरून ठरवलं. दार जमिनीला टेकेल असं, फक्त पाणी जाण्यापुरती फट. कडी जाड, लागली की "खट्" आवाज करणारी. एक छोटी फळीही जोडली, पाकीट ठेवायला. बापलेक अंधार पडेपर्यंत त्या दाराशी बोलत होते. खरं म्हणजे एकमेकांशीच.

दारं बसवली तेव्हा मेडिकलवाला बघायला आला. कडी लावून बघितली, खुंटीला हात लावला. "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," तो म्हणाला.

ठिणगीनं माझ्याकडे बघितलं. अशी नजर मी त्याच्या डोळ्यांत लग्नाच्या वाढदिवसालाही पाहिली नव्हती. "चित्रात नव्हतं ना," तो म्हणाला. "घरात विचारावं लागतं." मग एक क्षण थांबून पुढे म्हणाला, "त्या दिवशी सभेत मी जे बोललो, ते बोलायला नको होतं."

"जाऊ दे," साडू म्हणाला.

"जाऊ दे म्हणायचा हक्क तुमचा. पण बोललो मी, म्हणून सांगतो."

बायकोचं ऑपरेशन नीट झालं. दोन महिन्यांनी ती पुन्हा कॉलर लावायला गेली. आता ती कधी दमलेली दिसली तर ठिणगी इतक्या चौकशा करतो की ती वैतागून म्हणते, "अहो, नुसती झोप येतेय."

जळायचं मात्र काही गेलं नाही. कुणी साडूला डॉक्टर म्हटलं की त्याच्या नाकाला अजून मिरच्या झोंबतात. मागच्या महिन्यात पलीकडच्या वस्तीतल्या शाळेनं बोलावलं, त्यांनाही खोली करायची होती आणि तिथल्या पुरुषांशी कुणीतरी बोलायला हवं होतं. दोघे साडू एकाच स्कूटरवर गेले. आधी कोण बोलणार यावरून निघतानाच वाद झाला. संध्याकाळी ठिणगी माझ्याकडे आला, स्टूल ओढलं आणि बसला.

"कसं झालं?" मी विचारलं.

"चांगलं झालं. तो सात मिनिटं बोलला."

"आणि तू?"

"अकरा," तो म्हणाला. "घड्याळ लावून बघ हवं तर. आणि प्रश्न मलाच जास्त विचारले."

मी चहा सांगितला. दोन कप. त्यानं तिसरा सांगायला लावला, कारण समोरून साडू स्कूटर लावून येत होता.